पल्स ऑक्सिमीटर: वरचा आकडा डॉक्टरांचा, खालचा आमचा

आधी स्टार देऊन टाकतो, पाचपैकी साडेतीन, आणि ते पण ज्या कामासाठी घेतलं त्या कामाचे नाहीत, भलत्याच कामाचे आहेत. मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात क्रीडा संचालक आहे. कोरोनाच्या काळात आमची अ‍ॅथलेटिक्सची टीम जी काही जिवंत राहिली त्यात ह्या बोटाला लावायच्या चिमट्याचा वाटा मोठा आहे, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव टाकत नाही कारण जिमखान्याच्या कपाटात वेगवेगळ्या कंपन्यांचे होते आणि काही तर डबा सोडला तर हुबेहूब सारखेच, त्यामुळे हा रिव्ह्यू एका ब्रँडचा नाही, वस्तूचा समजा.

ज्यांनी कधी नीट बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोट आत घालायचं, एका बाजूने लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा उजेड बोटातून जातो, रक्तात ऑक्सिजन भरलेला असेल तर एक उजेड जास्त शोषला जातो, नसेल तर दुसरा, त्यावरून यंत्र हिशोब करतं. स्क्रीनवर दोन आकडे येतात, वरचा एसपीओटू म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के, आणि खालचा पीआर म्हणजे नाडी, मिनिटाला किती ठोके ते. सगळ्या महाराष्ट्राने दोन वर्षं ऑक्सिजनचा आकडा बघितला, नाडीच्या आकड्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा आमच्याकडे असलं काही नव्हतं. स्टॉपवॉच, टेप, गोळे, भाले, झिजलेले स्पाइक्स एवढाच संसार. पोरं घरी गेली, कोणी रावेर-यावलकडे केळीच्या बागेत बापासोबत, कोणी धडगाव-मोलगीकडे, जिथे फोन लावायचा तर पोरगं टेकडीवर चढलेलं पाहिजे. जूनपासून सरकारने पहाटे ५ ते संध्याकाळी ७ मोकळ्या जागेत पळायला, सायकल चालवायला परवानगी दिली, पण एकेकट्याने, ग्रुपने नाही. मग मी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्कआउट टाकायचो आणि पोरं आपापल्या शिवारात पळायची. धावणाऱ्यांचं तसं बरं चाललं, कारण रस्ता सगळीकडे आहे, हाल झाले ते थाळी आणि भालावाल्यांचे. एकाने घरी भाला नाही म्हणून बांबू फेकायला सुरुवात केली आणि शेजाऱ्याच्या कपाशीत घुसवला, तो वेगळाच विषय आहे.

हा चिमटा पहिल्यांदा हातात आला तो सप्टेंबर २०२० मध्ये, 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली तेव्हा. घरोघरी टीम जायच्या, कपाळावर थर्मामीटरची गन आणि बोटाला ऑक्सिमीटर. ते बघून आमच्या कॉलेजने पण ठरवलं की जिमखान्यासाठी घ्यायचे, तीन कोटेशन मागवले, सर्वात कमीवाल्याला ऑर्डर. फेब्रुवारी २०२१ मध्ये पन्नास टक्के हजेरीने कॉलेज उघडलं तेव्हा गेटवर एक शिपाई मामा गन घेऊन आणि ग्राउंडवर मी ऑक्सिमीटर घेऊन, रजिस्टरमध्ये रोज नाव, तापमान, ऑक्सिजन, सही. फाइल अशी सुंदर तयार झाली की विचारू नका.

आणि त्या फाइलीत काय होतं तर ९८, ९७, ९८, ९९, ९८, ९८. पानंच्या पानं. धडधाकट विशीतल्या पोराचा ऑक्सिजन ९७-९८ असणारच की, तो ताप घेऊन आला तरी बहुतेक वेळा ९७ च असणार, कारण ऑक्सिजन खाली येतो तो आजार फुप्फुसात उतरल्यावर, काही दिवसांनी. म्हणजे ग्राउंडच्या दारावर कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं हे ठरवायला हा आकडा जवळजवळ बिनकामाचा. त्यापेक्षा "काल रात्री अंग दुखलं का, घरात कोणी आजारी आहे का, डाळीला वास येतो का" हे तीन प्रश्न जास्त कामाचे होते, फक्त पोरं खरं सांगत नाहीत ही अडचण. ग्राउंडवर यायला मिळावं म्हणून कोण सांगेल की घरी आजोबा खोकतायत?

घरी आजारी पडलेल्या माणसासाठी मात्र वरचा आकडा सोन्याचा, ते मी नाकारत नाही. दुसऱ्या लाटेत सरकारी आरोग्य खात्याने सहा मिनिटं चालायची चाचणी सांगितली होती ना, आधी ऑक्सिजन बघायचा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, परत बघायचा, ९३ च्या खाली आला किंवा तीनपेक्षा जास्त पडला तर दवाखाना गाठायचा. ती चाचणी मी फोनवरून किती घरांत करून घेतली असेल, पोरांचे आईबाप, काका, शेजारी. पीटीच्या मास्तरला स्टॉपवॉच लावून लोकांना चालवणं तसंही जमतंच.

आता खालचा आकडा. लांब पल्ल्याचं पळणाऱ्या पोराची सकाळी उठल्या उठल्याची नाडी कमी असते, साध्या माणसाची ७०-७५ असेल तर चांगल्या ट्रेनिंगच्या पोराची ५०-५५, एखाद्याची त्याहून खाली. पूर्वी आम्ही मनगटावर बोट ठेवून मोजायला सांगायचो, पण पोरं पंधरा सेकंद मोजून चारने गुणताना गोंधळ करायची किंवा अंदाजे ठोकून द्यायची. ऑक्सिमीटरने ते काम सोपं केलं. उठायच्या आधी गादीवरच, पाठीवर पडून, बोट घालायचं, अर्धा मिनिट थांबायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचं. रोज. त्यात मजा अशी की एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही, पण पोराची दोन-तीन आठवड्यांची रांग समोर असली की तो पोरगा तुमच्यासमोर उघडा. रात्री जागला तर पाच-सहाने वर. लग्नात नाचून आला तर वर. सर्दी-ताप यायच्या आदल्या दिवशीच बऱ्याचदा वर. आणि ज्याची रोज ५४ असते त्याची सलग दोन दिवस ६५ आली की त्या दिवशी इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून जोरात पळायचा सराव, बंद, कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही.

ह्यातूनच आमच्या ८०० मीटरवालीचं प्रकरण. पारोळ्याकडच्या खेड्यातली पोरगी, एप्रिल २०२१ मध्ये घरातल्या सगळ्यांसोबत तिला पण कोरोना झाला, हलकाच झाला, तीन दिवस ताप, दवाखान्यात जायची वेळ आली नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला ती एकदम ठणठणीत, झोक्यावर बसलेला फोटो पाठवला आणि खाली, सर उद्यापासून चालू करते. ऑक्सिजन ९८. सहा मिनिटं चालून ९७. मी म्हटलं सकाळची नाडी पाठव. आजारी पडायच्या आधी तिची ५६-५७ असायची, आता ७८. दुसऱ्या दिवशी ७९, तिसऱ्या दिवशी ७६. मी म्हटलं पळायचं नाही, अंगणात चालायचं फक्त. तिच्या वडलांचा फोन आला, चांगला माणूस, पण वैतागलेला, "सर, ऑक्सिजन तं अठ्ठ्याण्णव शे, मंग पोरले काब्र थांबाडी राहिनात तुम्ही?" म्हणजे, मग पोरीला का थांबवताय. त्यांचं पण खरंच होतं, टीव्हीवर रोज ऑक्सिजन ऑक्सिजनच ऐकलेलं, नाडीचं कोणी बोललंच नव्हतं. मी सांगितलं दादा, ऑक्सिजन म्हणजे फुप्फुस बरं आहे, पण हृदयाला अजून विश्रांतीतही जास्त काम पडतंय, त्याच्यावर ८०० मीटरचा जोर टाकायचा नाही, आणि तालुक्याला डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढून घ्या. त्यांनी काढला, नॉर्मल आला. तरी जून निम्मा होईपर्यंत तिला मी चालणं आणि हळू जॉगिंगवरच ठेवलं, नाडी ६० च्या आत आल्यावर मग पुढचं.

हे मी मनाने केलं नाही बरं का. ब्रिटनमधल्या खेळाच्या डॉक्टरांनी २०२० मध्येच कोरोनानंतर खेळायला परत कसं यायचं त्याच्या पायऱ्या काढून दिल्या होत्या. निदान दहा दिवस विश्रांती, त्यातले सात दिवस कुठलंही लक्षण नको, मग पहिले दोन दिवस पंधरा मिनिटांच्या आतला हलका व्यायाम आणि नाडी तिच्या कमाल आकड्याच्या सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, मग हळूहळू वेळ वाढवायचा, आणि हे सगळं चालू असताना सकाळची नाडी बघत राहायची. भीती कशाची होती तर हृदयाच्या स्नायूला सूज यायची, तशात जोर लावला तर पोरगं ग्राउंडवर कोसळू शकतं. सत्तर टक्के म्हणजे किती हे पोरांना समजावणं सोपं, २२० मधून वय वजा करा, वीस वर्षांच्या पोराची कमाल २००, त्याचे सत्तर टक्के १४०, म्हणजे थांबल्या थांबल्या गळ्यावर बोट ठेवून पंधरा सेकंदांत ३५ ठोके. इथे ऑक्सिमीटर वापरायचा नाही, का ते खाली सांगतो.

अमेरिकेतल्या कॉलेजचं तेव्हा वाचायचो आणि हसू यायचं, रडू पण. तिकडे बिग टेन नावाच्या मोठ्या कॉलेजांच्या संघटनेने ऑगस्ट २०२० मध्ये फुटबॉल पुढे ढकलला आणि सप्टेंबरमध्ये परत सुरू करायचं ठरवलं, अट काय तर खेळाडूंची रोज अँटिजेन टेस्ट, आणि पॉझिटिव्ह आला तर हृदयाच्या तपासण्या होऊन निदान २१ दिवस मॅच नाही. रोज टेस्ट! आमच्याकडे एका पोराची टेस्ट करायची तर ग्रामीण रुग्णालयात रांग आणि रिपोर्टची वाट. तिकडच्या एनसीएएने, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, तर २०२० च्या वसंतात ज्यांचा सीझन बुडाला त्यांना खेळायला एक वर्ष वाढवून दिलं, ही गोष्ट मला मनापासून आवडली. आमच्याकडे २०२०-२१ चं वर्ष आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या हिशोबाने कोरंच गेलं, आणि तिसऱ्या वर्षाला असलेली पोरं तशीच पदवी घेऊन निघून गेली. कोणी पोलिस भरतीला लागला, कोणी बापाच्या ट्रॅक्टरवर. त्यांचं काय ते कोणी विचारलं नाही.

असो, वस्तूकडे येतो. तक्रारी बऱ्याच आहेत.

पहिली म्हणजे थंडी. धुळ्याकडची डिसेंबर-जानेवारीची पहाट ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, पारा पार पाच-सहापर्यंत जातो. अशा वेळी मोटरसायकलवर आलेल्या पोराच्या बोटाला चिमटा लावला की ८८ दाखवणार नाहीतर नुसत्या रेघा. बोटात रक्तच नीट पोचत नाही तर यंत्र काय मोजेल. तळहात चोळा, काखेत धरा, मग लावा, ९७ येतो. आमच्या एका नवीन लेक्चरर मॅडमनी गेटवर ८६ बघून घाबरून ॲम्ब्युलन्सलाच फोन लावला होता, पोरगं बिचारं मस्तपैकी चहा पीत उभं. उलटं उन्हाचं पण आहे. ग्राउंडवर दहा वाजता लख्ख उन्हात लावला तर बाहेरचा उजेड आत घुसतो आणि आकडा नाचत राहतो, वरून दुसऱ्या हाताचा आडोसा करावा लागतो. गडद नेलपॉलिश आणि काळी मेंदी असली तर ते बोट सोडून दुसरं बघायचं. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात आलं होतं की काळ्या कातडीच्या पेशंटमध्ये हे यंत्र ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवून चुकायचं, गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा. उन्हात रापलेल्या आपल्या पोरांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही, ९४ दिसला म्हणून निवांत बसायचं नाही, दम लागत असेल तर दवाखाना.

दुसरी, पळून आल्या आल्या हे यंत्र लावू नका. ४०० मीटर मारून आलेल्या पोराचा हात थरथरतो, घामाने बोट सटकतं, आणि यंत्र नाडी ९० दाखवतं जेव्हा छाती १८० ने धडधडतेय. हलत्या हातावर त्याला ठोका ओळखता येत नाही. तेव्हा गळ्यावर बोट आणि हातात घड्याळ हेच खरं. काही यंत्रांत नाडीसोबत वरखाली होणारी एक पट्टी असते, ती एका लयीत उड्या मारत असेल तरच आकड्यावर विश्वास ठेवायचा, अडखळत असेल तर आकडा कितीही छान असो, सोडून द्या. पट्टी नसलेलं मॉडेल घेऊच नका, हा माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे.

तिसरी म्हणजे बोगस माल. एप्रिल २०२१ आठवा, हजार-बाराशेचं यंत्र मेडिकलवाले अडीच-तीन हजाराला विकायचे आणि तरी संपलेलं. त्या घाईत कुठूनतरी कुरिअरने मागवलेल्या लॉटमध्ये दोन नग असे निघाले की आमच्या जिमखान्याच्या मामांनी गंमत म्हणून त्यात स्केचपेन घातला तर ९७ ऑक्सिजन आणि ७२ नाडी! मामा मला म्हणतात, "सर, पेननी तब्येत तं आपलापेक्षा चांगली शे." हसलो खरं, पण नंतर अंगावर काटा आला की असले नग कितीतरी घरांत आजारी माणसाच्या उशाला असतील. त्यामुळे नवीन यंत्र घेतलं की दुकानातच पेन घालून बघा, आकडा आला तर तिथेच परत करा. नंतर जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ऑक्सिमीटरवरचा नफा सत्तर टक्क्यांवर बांधला आणि भाव उतरले, पण तोपर्यंत ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेऊन झालं होतं.

चौथी तक्रार यंत्राची नाही, माझ्या पोरांची आहे. सकाळच्या नाडीचा फोटो ग्रुपवर टाका असं सांगितलं होतं, कारण आकडा नुसता लिहायला सांगितला तर सगळे ५२-५३. आमच्या पाच हजार मीटरवाल्या पठ्ठ्याने एका रविवारी वेगवेगळ्या बोटांचे फोटो काढून ठेवले आणि आठवडाभर रोज एक टाकला. पकडला कशावरून, तर मागच्या चादरीवर तीच चहाची ओली कपबशी. ग्रुपवर सगळे त्याला आजपण "भो, कपबशी कशी शे?" विचारतात. त्यानंतर मी फोटो बंद केले आणि रोज सकाळी फोन चालू केला, वेळ जायचा पण आवाजावरूनच निम्मं कळायचं. ज्यांच्याकडे यंत्र नव्हतं ते गावातल्या आशाताईंकडून किंवा शेजाऱ्याकडून मागून लावायचे, धडगावकडच्या दोघांना तर मी जिमखान्यातलेच दिले एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवून, आणि रजिस्टरला 'खेळाडूंना वितरित' अशी नोंद.

२० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं खऱ्या अर्थाने उघडली, दोन डोसवाल्यांनाच प्रवेश, आणि विद्यापीठाच्या, म्हणजे आमच्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, निवडीची धावपळ लागली. दीड वर्षात ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांची पहिल्याच आठवड्यात हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागची शीर, गेली, तिथे कुठलंही यंत्र मदतीला येत नाही. ज्यांच्या नाडीच्या वह्या भरलेल्या होत्या त्यांचं मात्र आम्हाला माहीत होतं कोणाला किती ओढायचं. ८०० वालीने त्या मोसमात तिची जुनी वेळ काही गाठली नाही, चार सेकंद मागेच राहिली, पण पळाली, आणि फिनिशला आल्यावर उलट्या न करता चालत माझ्याकडे आली. कर्नाटकातल्या मूडबिद्रीला जानेवारी २०२२ मध्ये ऑल इंडिया आंतरविद्यापीठ झाली आणि नेमकं त्याच आठवड्यात ओमिक्रॉनमुळे राज्यातली कॉलेजं परत बंद, १५ फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा मात्र आम्ही गडबडलो नाही, प्रत्येकाच्या घरी वही होती आणि काय करायचं ते माहीत होतं.

आता आज घ्यायचं का? घरात म्हातारं माणूस किंवा दम्याचा पेशंट असेल तर डॉक्टरांना विचारून चांगल्या कंपनीचं घ्या. कॉलेज किंवा पोलिस भरतीच्या अ‍ॅकॅडमीसाठी विचारत असाल तर प्रत्येकाला एक गरज नाही, पण १६०० मीटरची तयारी करणाऱ्या आणि रूम शेअर करणाऱ्या चार पोरांत मिळून एक असावा, डेंग्यू-टायफॉइडमधून उठलेल्या पोराला परत पळवताना पण हीच वही कामाला येते. हल्ली घड्याळं आलीत जी रात्रभर नाडी मोजतात, ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावं, पण आमच्याकडे ज्याच्या पायात धड बूट नाहीत त्याला मी घड्याळ सांगणार नाही. अर्धा स्टार कापलाय तो बिजागरीसाठी, स्प्रिंग वर्ष-दीड वर्षात ढिली होते आणि मग बोट नीट धरत नाही, रबरबँड लावून चालवावं लागतं. उरलेला एक बोगस मालासाठी. आणि हो, वापर नसेल तेव्हा आतले दोन बारीक सेल काढून ठेवा, आमचे तीन नग उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटात सेल फुटून गेले, ते मी ह्या कापलेल्या दीड स्टारमध्ये धरलेले नाहीत.